नवा मरीन मासा थेट मुख्य टाकीत सोडू नका: विलगीकरण टाकी उभी करण्याची पूर्ण रीत

पावडर ब्लू टँग घरी आणला तेव्हा त्याच्या अंगावर एकही डाग नव्हता. दुकानात त्याने माझ्यासमोर खाल्लंही होतं. पाचव्या दिवशी सकाळी टाकीचे दिवे लागले आणि पाहतो तर कुणीतरी त्याच्यावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. दोन-तीन दिवसांत ठिपके गेले, मी निर्धास्त झालो. आठवड्याभरात ते परत आले, या वेळी सगळ्याच माशांवर. महिना संपता संपता माझ्या दीडशे लिटरच्या टाकीत एक डॅमसेल तेवढा उरला होता.

त्यानंतर मी विलगीकरणाची टाकी, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची टाकी, लावली आणि पहिल्याच खेपेला तिच्यातही दोन मासे मारले. त्यांना कसलाही रोग झाला नव्हता. ते गेले अमोनियाने. म्हणून या लेखात औषधांपेक्षा स्पंज आणि पाण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल. मासा विकत घेण्याच्या महिनाभर आधी जे काम होतं, त्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

दुकानात मासा ठणठणीत दिसतो, तो कसा?

बऱ्याच दुकानांच्या टाक्यांत क्षारता मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि पाण्यात थोडं तांबंही असतं. त्याने परजीवी मरत नाहीत, दबून राहतात. तुमच्या घरच्या स्वच्छ, पूर्ण खारट पाण्यात मासा आला की त्यांना रान मोकळं मिळतं. प्रत्येक दुकानदार फसवतो असं मला म्हणायचं नाही. शंभर ठिकाणचे मासे एकाच पाण्यावर जगवायचे, तर त्याला दुसरा मार्गही फारसा नसतो. पण त्यामुळे 'मासा दुकानात दोन आठवडे नीट होता' या वाक्याला तुमच्यासाठी काही किंमत उरत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणजे मरीन इच, शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. याचा जीवनक्रम समजला की विलगीकरणाचे सगळे नियम आपोआप समजतात. परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत ३ ते ७ दिवस राहतो, तेव्हा आपल्याला ठिपका दिसतो. मग तो मासा सोडतो, काचेवर, दगडावर किंवा वाळूवर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून विभागत जातो. एकेका कवचातून शेकडो पिल्लं सुटू शकतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. माझा टँग 'बरा' झाला होता तो याच मधल्या काळात. रोग वाळूत जाऊन बसला होता.

कवचातला हा काळ बहुधा आठवडाभराचा असतो, पण ७२ दिवसांपर्यंत लांबल्याची नोंद आहे. मुख्य टाकीत रोग शिरल्यावर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस रिकामी ठेवतात, त्याचं कारण हेच. अडीच महिने नुसते दगड बघत बसायचं की एक छोटी टाकी आधी लावायची, एवढाच हिशेब आहे.

व्हेल्वेट, म्हणजे अॅमिलूडिनियम, याहून वाईट. त्याचे ठिपके पिठीसाखरेसारखे बारीक असतात आणि बऱ्याचदा दिसायच्या आधीच मासा मेलेला असतो, कारण तो आधी कल्ल्यांवर बसतो. मासा धापा टाकतो, पंपाच्या झोतासमोर तोंड धरून राहतो, उजेड टाळतो. क्लाउनफिशवर ब्रुकलिनेला येतो, तेव्हा अंगावरचा बुळबुळीत थर सालपटासारखा सुटायला लागतो. ग्रीन क्रोमिसच्या अंगावर युरोनिमाचे लाल व्रण दिसतात. यांखेरीज कल्ल्यांवरचे आणि डोळ्यांवरचे चपटे कृमी, ज्यांना सगळे 'फ्लूक' म्हणतात.

सामान

टाकी २४ × १२ × १५ इंचांची घ्या. काठोकाठ भरली तर ७० लिटर होते आणि वर दोन इंच सोडले तर हातात साधारण ६० लिटर पाणी उरतं. पुढचे सगळे हिशेब मी ६० लिटरवर करतोय. हाताएवढा टँग किंवा एंजल आणायचा असेल तर तीन फुटी टाकी लागेल. दोन क्लाउनफिश, गोबी, छोटे रास यांना ही पुरते. काचेला भेग नको, गळती नको, एवढंच बघायचं. जुनी टाकी चालते, मात्र तिच्यात आधी काय होतं ते विचारून घ्या.

तळाशी वाळू घालू नका. दगड ठेवू नका. कॅल्शियमयुक्त वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात, शिवाय परजीवींना चिकटायला जागा देतात. माशाला लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी ठेवा, दोन ते चार इंची. प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. त्यांना सोल्यूशन लागलेलं नको, नवे कोरे आणून गरम पाण्याने धुवा. माशाचं अंग त्यातून सहज फिरलं पाहिजे. एकदा एका घाबरट रासने अडीच इंची टीमध्ये स्वतःला असं कोंबून घेतलं की मला पाइप आडवा कापावा लागला.

अपवाद एकच: वाळूत झोपणारे रास. त्यांना वाळू नसेल तर ते काचेवर नाक आपटत राहतात. त्यांच्यासाठी एका प्लॅस्टिकच्या डब्यात दोन-तीन इंच धुतलेली सिलिका वाळू ठेवायची. डबा असल्याने नंतर ती सहज बाहेर काढता येते.

बाकीचं सामान असं:

- स्पंज फिल्टर दोन, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. त्यासाठी दोन नळ्यांचा एअर पंप
- ५० ते १०० वॅटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर (हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये)
- क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो तपासायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण
- काचेला आतून चिकटवायचा अमोनिया बॅज, जोडीला द्रव चाचणी किट
- तांबं मोजायचं साधन. शक्यतो अंक दाखवणारं डिजिटल, कारण रंगपट्टीवर २.० आणि २.५ मधला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही
- घट्ट झाकण किंवा जाळी

झाकणाच्या बाबतीत आळस करू नका. नवा मासा घाबरलेला असतो, आणि पहाटे लादीवर वाळलेला फायरफिश सापडणं ही या छंदातली नेहमीची गोष्ट आहे. टाकीच्या मागच्या आणि दोन बाजूंना काळा कागद लावा. उजेडाला खोलीतला दिवा पुरतो.

टाकी मुख्य टाकीपासून निदान दहा फूट लांब, जमल्यास वेगळ्या खोलीत. बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक थेंबांतूनही परजीवी पोचू शकतात. जाळं, बादली, सायफनची नळी, टॉवेल, सगळं वेगळं. त्यांना लाल चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही कळेल. हात आधी मुख्य टाकीत आणि नंतर विलगीकरणात, उलट कधीच नाही.

स्पंज: महिनाभर आधी

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. तो पचवणारे जिवाणू वाळूत आणि दगडात राहतात, आणि ते दोन्ही आपण काढून टाकलं. म्हणून सगळा भार स्पंजवर पडतो. नवा कोरडा स्पंज त्या दिवशी काहीही करत नाही.

सोपी रीत अशी की स्पंज आधी मुख्य टाकीच्या संपमध्ये (टाकीखालची फिल्टरची टाकी, कामगारांचा नव्हे) प्रवाहाच्या जागी टाकून ठेवायचा. चार आठवडे तरी, सहा उत्तम. मी तिथे नेहमी दोन स्पंज ठेवून देतो. मग दुकानात एखादा मासा आवडला तर आपली तयारी असते. मात्र मुख्य टाकीतच रोग असेल तर तिथला स्पंज चालणार नाही, तो रोग घेऊनच येईल.

मुख्य टाकी नसेल किंवा आजारी असेल तर टाकी रिकामी असतानाच 'सायकल' करायची. बाटलीतले जिवाणू घाला आणि त्यांना खायला अमोनिया द्या. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला वापरायचा तो. बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणावा. ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. रोज मोजा. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते) खाली आलं, की स्पंज तयार. त्याला तीन ते पाच आठवडे लागू शकतात. तयार झाल्यावर मासा येईपर्यंत दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खुराक देत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी मरतात.

पाणी

नळाचं पाणी नको, सोसायटीच्या टँकरचं तर नकोच. आरओ-डीआय केलेलं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), शून्य टीडीएसचं, म्हणजे काहीही न विरघळलेलं पाणी घ्यावं. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून टीडीएस शून्य येत नाही. विलगीकरणापुरतं मी ते एकदा अडचणीत वापरलंय. पण हल्ली बऱ्याच आरओंना तांब्याचा कार्ट्रिज असतो, तो असेल तर मोह टाळा. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला चांगलं म्हणतात. प्रवाळाला आणि कोळंबीला ते विष आहे, आणि विलगीकरणात तांबं किती आहे हे आपल्याला नेमकं माहीत असावं लागतं.

दुसरा प्रश्न मुंबईकरांचा आणि कोकणातल्यांचा: समुद्र दारात असताना मीठ विकत का घ्यायचं? किनाऱ्याजवळचं पाणी सांडपाण्याने खराब असतं, पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते आणि त्यात जिवंत परजीवी असू शकतात. विलगीकरणाचा हेतूच तिथे संपतो.

मरीन मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास. पिंपात पंप लावून रात्रभर फिरवा, सकाळी मोजा. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस. तेवढंच आणखी पाणी झाकून तयार ठेवा. रात्री अकरा वाजता अमोनिया दिसला तर मीठ विरघळण्याची वाट बघायला वेळ नसतो.

क्षारता मात्र आत्ताच १.०२५ (पाण्याची सापेक्ष घनता, म्हणजे समुद्राएवढी खारट) करून ठेवू नका. दुकानदाराला फोन करून त्याच्या टाकीतली क्षारता विचारा आणि आपली टाकी तेवढ्यावर आणा. तो १.०१९ म्हणाला तर आपलीही १.०१९. याचं कारण पुढे आहे.

मासा निवडताना

दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहा. कल्ल्यांची उघडझाप मोजा. शांत असलेला मासा मिनिटाला शंभराच्या वर धापा टाकत असेल तर सोडून द्या. पोट आत गेलेलं, डोळ्यांच्या वरचा भाग खपाटीला गेलेला मासा घेऊ नये. एकाच टाकीत एखादा मेलेला दिसला तर त्या टाकीतला कुठलाच नको. आणि तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. आज दुकानात उतरलेला मासा आजच घेऊ नका, आगाऊ पैसे देऊन आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा.

आगमनाचा दिवस

खोलीतले दिवे मंद करा. पिशवी न उघडता टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग पिशवी उघडून लगेच क्षारता मोजा. ती तुमच्या टाकीशी ०.००१-०.००२ च्या आत असेल तर मासा हातोहात टाकीत सोडा.

हे वाचून जुने लोक चिडतात. थेंबथेंब पाणी घालत दोन तास रुळवायचं, ही शिकवण सगळ्यांनाच मिळालेली असते. शेजारच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ते चालतं. पण बारा-पंधरा तास पिशवीत राहिलेल्या माशाचं वेगळं असतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पाण्याचा पीएच खाली गेलेला असतो, आणि कमी पीएचला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणजे थेंबथेंब रुळवताना मासा नेमका त्याच पाण्यात बसलेला असतो. क्षारता आपण टाकीतच जुळवून ठेवली ती यासाठी.

पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. मासा जाळ्याऐवजी प्लॅस्टिकच्या डब्याने किंवा मोठ्या चाळणीने उचला. टँगच्या शेपटीजवळचं पातं जाळ्यात अडकतं आणि रॅबिटफिशचे काटे विषारी असतात. बोटाला लागला तर दिवसभर कळ जात नाही.

पुढे क्षारता वाढवायची ती सावकाश, दिवसाला ०.००१ ते ०.००२. कमी झालेली क्षारता मासा सहन करतो, झटक्याने वाढलेली नाही.

पहिले चार दिवस: फक्त खाणं

औषधाची बाटली कपाटातच राहू द्या. (धापा, पिठीसाखर, झोतात तोंड धरून उभं राहणं यांतलं काही दिसलं तरच अपवाद, मग त्याच दिवशी तांबं सुरू.) त्या दिवशी संध्याकाळी थोडा मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) द्या. खाल्लं नाही तर दहा मिनिटांनी सगळं सायफनने काढून घ्या. तळाशी कुजलेलं खाणं म्हणजे उद्याचा अमोनिया.

न खाणाऱ्या माशासाठी मासळीबाजार कामाला येतो. कॉपरबँड बटरफ्लायसारखा हट्टी मासा गोठवलेल्या खाण्याकडे ढुंकून बघत नाही, पण तिसरी उघडून एका शिंपल्यात मांस ठेवून तळाशी दिली तर चोच मारायला लागतो. तिसऱ्या आणून आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग वितळवून द्या. कोळंबीही बारीक चिरून, धुऊन चालते. बांगडा नको, तेलाचा तवंग येतो. टँगला बिनमसाल्याची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावून द्या. मँडरिन मात्र नवशिक्याने आणूच नये. तो रोगाने क्वचित मरतो, उपासमारीने बहुतेकदा, आणि विलगीकरणात त्याला चरायला काहीच नसतं.

तांबं

यावर दोन मतं आहेत. काही जण मासा नुसता तीस दिवस नजरेखाली ठेवतात आणि लक्षण दिसलं तरच औषध देतात. काही जण प्रत्येकाला औषध देतात. माझा व्यवहार असा: टाकीत पैदा केलेले क्लाउनफिश ओळखीच्या माणसाकडून आले असतील तर नुसती नजर. समुद्रातून पकडलेले टँग, एंजल, बटरफ्लाय, रास यांना औषध, लक्षण असो वा नसो. इच कल्ल्यांत असेल तर तीस दिवस बघूनही दिसत नाही.

तांब्याची औषधं दोन प्रकारची. साधं, म्हणजे कॉपर सल्फेटवर आधारलेलं, त्याची मात्रा ०.१५ ते ०.२० पीपीएम. या दोन आकड्यांच्या खाली परजीवी जगतो, वर मासा मरतो, त्यामुळे दिवसातून दोनदा मोजावं लागतं. दुसरं बांधलेलं, म्हणजे कीलेटेड. त्याची मात्रा २.० ते २.५ पीपीएम आणि ते पाण्यात स्थिर राहतं. नवशिक्याने दुसरंच घ्यावं. आकड्यांत दहा पटींहून जास्त फरक आहे, तेव्हा बाटलीवर कुठला प्रकार लिहिलाय ते दोनदा वाचा, आणि तुमचं चाचणी किट त्या प्रकाराला चालतं का तेही बघा. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रणात मारतात तो मोरचूद म्हणजेही कॉपर सल्फेटच, पण शेतीचा मोरचूद टाकीत घालायचं धाडस करू नका. ६० लिटरमध्ये ०.२० पीपीएमसाठी अवघा ४७ मिलिग्रॅम लागतो. घरच्या काट्यावर तेवढं वजन करता येत नाही.

पाचव्या दिवसापासून, मासा खात असेल तर, सुरुवात. पूर्ण मात्रा एकदम नाही. तीन दिवसांत, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं घालत २.० च्या वर न्या. मोजून २.२५ च्या आसपास ठेवा. तिथून तीस दिवस. मधे एक दिवस जरी २.० च्या खाली गेलं तर मोजणी पुन्हा एकपासून. दुसरी कोरडी टाकी हाताशी असेल तर चौदा दिवसांनी मासा तिच्यात हलवता येतो, कारण तोवर माशावरचे परजीवी सुटलेले असतात आणि मागच्या टाकीतली कवचं मागेच राहतात.

पाणी बदलताना गडबड होते, म्हणून हिशेब लिहून ठेवा. २० लिटर काढून २० लिटर घातलं तर औषध फक्त त्या २० लिटरचं, तेही टाकीत ओतण्याआधी बादलीतच मिसळून. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी साध्या आरओच्या पाण्याने भरायची. त्यात ना मीठ ना औषध, कारण दोन्ही टाकीतच राहिलेली असतात.

या काळात फिल्टरमधला कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) बंद. आणि 'अमोनिया निष्प्रभ करणारी' द्रावणं तांब्याबरोबर अजिबात वापरू नका. त्यांतले काही घटक तांब्याचं जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. मी मारलेल्या दोन माशांपैकी एकाच्या बाबतीत बहुधा हेच झालं होतं: आधी अमोनिया चढला, मग मी घाबरून बाटली ओतली. अमोनियावर एकच उपाय, पाणी बदला. बॅजचा रंग बदलायला लागला की अर्धं पाणी.

शार्क, रे आणि ईल यांना तांबं देऊ नये. बटू एंजल आणि काही रास यांना ते जड जातं, त्यांची मात्रा पाच-सहा दिवसांत चढवावी. तांबं नकोच असेल तर टाकी बदलण्याची पद्धत आहे: दर ७२ तासांनी मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा, बारा दिवस. कवचातून पिल्लं सुटायच्या आधी मासा निघून गेलेला असतो. इचवर हे उत्तम चालतं, व्हेल्वेटवर नाही. पावसाळ्यात मात्र ७२ तासांत टाकी आणि पाइप खडखडीत वाळत नाहीत. जुलैमध्ये ही पद्धत वापरायची तर टेबलफॅनसमोर सामान मांडून ठेवावं लागतं.

कृमी

तांब्याने फ्लूक मरत नाहीत. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल, २.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे ६० लिटरला १५० मिलिग्रॅम. अंड्यांवर त्याचा असर होत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी पाणी बदलून दुसरा डोस. मत्स्यालयासाठी बनवलेलं औषध घ्या. कुत्र्यामांजरांच्या जंताच्या गोळ्यांत इतर औषधंही मिसळलेली असतात. तांब्याचा काळ संपल्यावर, कार्बन आणि पाणी बदलून ते काढून टाकल्यावर मी हे देतो. दोन्ही एकत्र देणारे लोक आहेत, पण मला माशाची भूक जाण्याची भीती वाटते. या औषधाने पाणी गढूळ होऊन प्राणवायू कमी होऊ शकतो, त्यामुळे हवा वाढवा.

फ्लूक आहेत का हे बघायचं असेल तर गोड्या पाण्याची आंघोळ. आरओचं पाणी टाकीच्याच तापमानाला आणा, चिमूट चिमूट खायचा सोडा घालून पीएच टाकीएवढा करा, तासभर हवा सोडा, भांड्याचा तळ काळा हवा. मासा पाच मिनिटं त्यात. आडवा पडेल, घाबरू नका. पण कल्ले थांबले तर लगेच काढा. फ्लूक असतील तर ते पांढरे होऊन तिळासारखे तळाशी पडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला किळस आली आणि त्याहून जास्त समाधान झालं.

उन्हाळा आणि वीज

मे महिन्यात बंद खोलीत पाणी सहज ३१ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि आजारी कल्ल्यांना तर तो आधीच पुरत नसतो. पृष्ठभागावर छोटा पंखा आडवा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. पुण्यात, नाशकात हे छान चालतं. मुंबईच्या दमट हवेत कमी. पंख्याने पाणी झपाट्याने उडतं, म्हणून रोज आरओची भर. शक्य असेल तर मोठी खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

वीज जाते त्यासाठी बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप ठेवा. इन्व्हर्टरला जोडायचं असेल तर फक्त पंप जोडा, हीटर नाही. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरणार नाही. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर खाऱ्या पाण्याची टाकी लावू नये.

वही

भिंतीला एक वही लटकवा. रोज तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, तांबं, खाल्लं की नाही, मिनिटाला श्वास किती. सगळ्यात उपयोगी रकाना शेवटचा. अंगावर काही दिसायच्या दोन दिवस आधी तो आकडा ७० वरून ९५ वर गेलेला असतो.

बाहेर काढण्याआधी

प्राझिक्वांटेलच्या दुसऱ्या डोसनंतर दहा-चौदा दिवस कुठलंही औषध नसलेल्या पाण्यात ठेवा. सगळं मिळून साधारण दोन महिने होतात. या काळात नवा मासा त्या टाकीत घातला तर सगळ्यांची मोजणी पुन्हा सुरू होते, म्हणून एकदा सुरुवात झाली की दार बंद. शेवटच्या आठवड्यात क्षारता मुख्य टाकीशी जुळवून घ्या, मग मासा डब्यातून हलवा. पाणी मागेच.

प्रवाळ, गोगलगायी, खेकडे यांना तांबं चालत नाही आणि त्यांना इच होतही नाही, पण त्यांच्या शंखावर, दगडावर कवचं चिकटून येऊ शकतात. त्यांना मासा नसलेल्या वेगळ्या टाकीत ७६ दिवस ठेवावं.

टाकी रिकामी झाल्यावर ब्लीचच्या पाण्याने धुवा, भरपूर साध्या पाण्याने खंगाळा, उन्हात पूर्ण वाळवा. एल्बो, नळ्या, हीटर, सगळं तसंच. तांब्यातून गेलेला स्पंज परत मुख्य टाकीच्या संपमध्ये ठेवायचा नाही, तो फेकून द्या. त्याच दिवशी नवा स्पंज संपमध्ये सोडा आणि वहीत त्याची तारीख लिहा. पुढचा मासा त्या तारखेनंतर निदान चार आठवडे घेता येणार नाही.